लाल टॅग आणि एकादशीची भरती

आमच्या कंपनीत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलवायचा तरी तीन प्रतींत अर्ज करावा लागायचा. मी वाढवून सांगते आहे असं वाटेल. पण घड्याळ खरोखर दहा मिनिटं पुढे होतं, अर्ज खरोखर केलेला होता आणि मी तिथे लागले तेव्हापासून तो विचाराधीन होता.

कंपनी म्हणजे बोईसरला हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पाइप कापायचे, वर आम्ही पाच जण वेबसाइटी बनवायचो. मालकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या नादाने त्यांनी ही कंपनी काढली. पुतण्या सहा महिन्यांत पुण्याला मोठ्या नोकरीवर गेला. साहेब राहिले, आणि त्यांच्यासोबत त्यांचा कारखानाही आमच्या दोन खोल्यांत राहायला आला.

कारखान्यात एक रीत असते. यंत्रात हात घालून कोणी काम करत असेल तर तो त्या यंत्राच्या बटणावर लाल टॅग अडकवतो. 'धोका. हात लावू नका. माणूस काम करत आहे.' ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मॅनेजर आला, मालक आला, तरी दुसऱ्याने काढायचा नाही. साहेब निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळाबरोबर असल्या कोऱ्या टॅगांचा एक गठ्ठाच घरी घेऊन आले होते. तो आमच्याकडे वापरात होता. कोणी वेबसाइटच्या फॉर्मचं बटण हिरव्याचं निळं करत असेल, तर तो आधी टॅगवर नाव, तारीख आणि सही करून टॅग लटकवायचा आणि मग बटण निळं करायचा.

लटकवायचा कुठे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. आमचा सर्व्हर मुंबईत कुठेतरी भाड्याने घेतलेला. त्याच्या गळ्यात टॅग कसा घालणार? साहेबांनी त्यावर उपाय काढला होता. सर्व्हरवरच्या साऱ्या सेटिंग्ज त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून, लॅमिनेट करून, कारखान्यातल्या सूचनांसारख्या भिंतीवर लावल्या होत्या. प्रत्येक ओळीशेजारी एक खिळा, आणि खिळ्यावर टॅग. जी गुप्त किल्ली जगात कोणाला दिसू नये म्हणून वेबसाइटची सॉफ्टवेअरं बनवणारे कानीकपाळी ओरडून सांगतात, तीही तिसऱ्या ओळीत होती. चहावाला रोज तिच्याखालीच किटली टेकवायचा. मी साहेबांना म्हटलं, ही लपवायची असते. ते म्हणाले, "मॅडम, लपवलेल्या गोष्टीनेच अपघात होतो."

यावर मी मनातल्या मनात हसायचे. पण साहेबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, आणि बोलताना ते त्याच हाताने टेबलावर टकटक करायचे, त्यामुळे ते हसू ओठांपर्यंत येत नसे. तरुणपणी ते कारखान्यातला रसायनांचा मिक्सर साफ करत असताना घाईत असलेल्या कोणीतरी बटणावरचा टॅग काढला होता. एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं.

आता सेटिंग्जविषयी दोन शब्द, कारण पुढची फजिती त्यांच्यामुळे झाली. वेबसाइटचं फ्रेमवर्क म्हणजे अर्धं बांधून तयार मिळालेलं घर. पंखे कुठे, नळ कुठे, दार कुठल्या बाजूला, हे आपण एका सेटिंग्जच्या फाइलीत लिहून द्यायचं. शिवाय सर्व्हरवर बाहेरून काही गोष्टी ठरवून ठेवता येतात, त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आमच्याकडे पुतण्याने अशी व्यवस्था करून ठेवली होती की एकच गोष्ट दोन्हीकडे वेगवेगळी लिहिलेली असेल तर बाहेरचीच खरी. लग्नाच्या याद्यांत काहीही ठरलेलं असो, मांडवात शेवटी आत्याबाई म्हणेल तसंच होतं, तसं. फाइली आम्हाला बदलता यायच्या. आत्याबाई मात्र साहेबांच्या कपाटात, किल्लीबंद पासवर्डात बसलेली होती.

अशा कंपनीला आमच्या नवापूरच्या मच्छीमार सोसायटीचं काम मिळालं ते माझ्यामुळे. मी नवापूरची. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि बाबा तांडेल आहेत, म्हणजे बोट चालवतात, आणि बोट कुठे, कधी न्यायची हे ठरवतात. सोसायटीला मोबाईलवर बघता येईल असं एक पान हवं होतं: आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, कोणती बोट बाहेर आहे, कोणती आत आली. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे. भरती असेल तर बोट आत येते; ओहोटी असेल तर तोंडाशी चिखल, आणि तुम्ही कितीही मोठे तांडेल असलात तरी बाहेर बसा. त्यामुळे भरतीची वेळ आमच्याकडे चुकून चालत नाही.

बाबांना ती वेळ चुकत नसे. गावात कोणाचंही घड्याळ बंद पडू दे, बाबांची बोटं चालू असत. तिथीची पाऊणपट केली की भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, एकादशी असेल तर सव्वाआठ. सकाळची आली की संध्याकाळची त्याच्या थोडी पुढे, आणि मधोमध ओहोटी. लहानपणी मी पाऊणकीचा पाढा शाळेच्या आधी त्यांच्या बोटांवर शिकले. शाळेतल्या बाईंना वाटायचं, पोर हुशार आहे. पोर हुशार नव्हती, पोर तांडेलाची होती.

तर पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, बोटी समुद्रात जाऊ लागल्या आणि आमचं पान तयार झालं. सरकारी तक्त्यातल्या वर्षभराच्या वेळा मी स्वतः भरल्या. सोसायटीच्या पंचांनी दोन आठवडे त्यावर कसून चर्चा केली. ती वरच्या बोटीच्या चित्रावर होती. बोट लहान दिसते, बोटीचा झेंडा उलट्या वाऱ्याला फडकतो, बोटीवर माणूस का नाही. मी बोट मोठी केली, झेंडा फिरवला, माणूस बसवला. भरतीच्या वेळेकडे कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण माझ्या कॉम्प्युटरवर. तिथे वेळा चोख होत्या. मग पान सर्व्हरवर चढलं आणि मी सर्व्हरवर काय पाहिलं? झेंडा बरोबर फडकतोय का ते.

दशमीच्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. मी रिक्षात होते.

"बाय, तुजा मोबाईल न माजी तिथी जुलत नाय," ते म्हणाले.

मी काय विचारायला हवं होतं? किती फरक आहे, एवढंच. तीन शब्द. पण मला ऑफिसला उशीर होत होता, आणि मनात कुठेतरी असंही होतं की बाबांना हे नवीन काही पटणार नाहीच. मी म्हटलं, "बाबा, तिथीचं गणित हा ठोकताळा असतो. अर्धा तास इकडेतिकडे होणारच. मोबाईलवरचं सरकारी तक्त्यातलं आहे. मोबाईलवर जा तुम्ही."

"बरां," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या सुरात मी बाबांशी त्याआधी कधी बोलले नव्हते. तो सूर मी शहरात ज्या साहेबलोकांचा राग राग करायचे त्यांचाच होता, आणि माझ्या तोंडात तो किती बेमालूम बसला होता हे आठवलं की आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी एकादशी. दुपारी सव्वातीनला बाजारातून आईचा फोन. मागे ग्राहकांचा कलकलाट, आणि आई कुजबुजते आहे. माझी आई आयुष्यात कधी कुजबुजलेली नाही.

"तुजे बाबा खाडीच्या तोंडावर बसलेत. साऱ्या गावासमोर. ओहोटीत. शेजारनीचा फोन आलाता, सारी हसतात."

मला आधी कळेना. बाबा आणि ओहोटीत? सगळ्या बोटी सकाळच्या भरतीला बाहेर गेलेल्या, त्या संध्याकाळच्या भरतीला आत येणार, साडेआठच्या पुढे. तीनला कोण येईल? मी माझ्या कॉम्प्युटरवरची पानाची प्रत उघडली. भरती सव्वाआठ, आणि संध्याकाळी आठ चाळीस. बरोबर. मग कशी कोण जाणे, मला बुद्धी झाली आणि मी माझ्या मोबाईलवर गावातले लोक बघतात तेच पान उघडलं. भरती: पहाटे पावणेतीन, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

साडेपाच तास मागे. आपल्या देशाच्या आणि जगाच्या मूळ घड्याळात जेवढं अंतर, नेमकं तेवढं. सर्व्हर विलायतेच्या वेळेवर चालत होता. दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर साडेपाच तासांनी काय बिघडतं? बातमी जुनी दिसते, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी जातात. पण समुद्र दर सहा तासांनी कूस बदलतो. साडेपाच तास चुकले की भरतीच्या जागी ओहोटी येते. जगातली एवढी मोठी चूक एवढी नेमकी बसवायला माझ्यासारखी शिकलेली मुलगीच हवी.

मी सेटिंग्जची फाइल उघडली. तिथे वेळेच्या ओळीत भारताचीच वेळ होती. पुन्हा लिहिली, पुन्हा चढवली. मोबाईलवर तीन दहा. पुसून नव्याने लिहिली. तीन दहा. तिसऱ्यांदा लिहिताना मला आत्याबाई आठवली आणि मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. सातवी ओळ. टाइम झोन, यूटीसी, म्हणजे तीच विलायतेची वेळ. शेजारी खिळा, खिळ्यावर लाल टॅग. कडा पिवळ्या पडलेल्या, सही पुतण्याची.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. बोट किनाऱ्याच्या इतकी जवळ होती की रेंज छान होती.

"काय करता बाबा?"

"चा पितो. बसलोय."

"बाबा, चुकलंय ते. मोबाईल चुकलाय. माझी चूक आहे."

"ठाव हाय मना."

"ठाऊक होतं तर आलात कशाला तीनला?"

"तू बोललीस मोबाईलवर जा." मग खलाशांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "आज ना उद्या कोन तरी मोबाईल बगून आलाच असता. त्याच्या आदी मी येऊन बगितला. आता ऐक. सोसायटीत मी सांगितलाय, माजी तिथी चुकली, एकादस इसरलो. मोबाईलचा नाव मी घेतला नाय. आठला पानी येल, बोटी आत येतील, मंग सारी उद्याची येळ बगाया मोबाईल काढतील. त्याच्या आदी ठीक कर."

मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "रडू नको, काम कर," आणि त्यांनी फोन ठेवला.

चाळीस वर्षांत ज्या तांडेलाची तिथी चुकली नाही तो माणूस दिवसाढवळ्या, सारं गाव किनाऱ्यावरून बघत असताना, आपण एकादशी विसरलो असं सांगून चिखलासमोर बसला होता. आणि मला त्यासाठी करायचं काय होतं? भिंतीवरच्या सातव्या ओळीतला एक शब्द बदलायचा होता.

मी साहेबांच्या टेबलाशी गेले. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, चष्मा लावला, ड्रॉवरमधून कामाच्या परवानगीचं चार पानी परमिट काढलं आणि कार्बन घातले.

"बदलाचं कारण?"

"भरती."

"'प्रोसेस एरर' लिहितो. टॅग कोणाचा?"

"तुमच्या पुतण्याचा. साहेब, तो पुण्याला आहे. दोन वर्षं झाली."

"तरी टॅग त्याचाच."

साहेबांनी पुतण्याला फोन लावला. पुतण्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग मी माझ्या फोनवरून लावला तेव्हा त्याने पहिल्या घंटेला उचलला. मी त्याला विचारलं, सातव्या ओळीवर टॅग कशाला लावला होतास? त्याला आठवायलाच वेळ लागला. मग म्हणाला, कारखान्याच्या हजेरीचं काम करत होतो, रात्रपाळीची माणसं दोन तारखांत विभागली जात होती, म्हणून तात्पुरतं यूटीसी केलं आणि जेवायला गेलो. जेवताना पुण्याहून नोकरीचा फोन आला. "तो टॅग अजून आहे?" त्याने विचारलं आणि तो इतका हसला की साहेबांनाही पलीकडे ऐकू आलं.

तर डबा खायला गेलेल्या एका माणसाचा टॅग दोन वर्षं लटकत होता. हजेरीच्या वेबसाइटला त्याचं काही वाटत नव्हतं, तिला हवंच होतं तसं. आमचं भरतीचं पान त्याच सर्व्हरवर चढलं आणि त्या टॅगाखाली आलं.

"काढू का मग?" मी म्हटलं.

"सही लागेल त्याची."

"फोटो मागवते सहीचा."

"मूळ सही लागते, मॅडम. झेरॉक्सवर टॅग निघत नाही." आणि त्यांनी तीन बोटांचा हात टेबलावर ठेवला. टकटक केली नाही, नुसता ठेवला. "नियम माझा नाही. नियम या हाताचा आहे."

एरवी मी माघारी फिरले असते. खरं सांगायचं तर मी आतून जळत होते, आणि एवढ्या तावातावाने मी साहेबांशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "साहेब, टॅग कशासाठी असतो?"

"आत माणूस असतो म्हणून."

"हा टॅग लावला तेव्हा आत कोण होतं?"

"पुतण्या."

"तो जेवायला गेला तो गेला. आता आत कोण आहे माहिती आहे? माझे बाबा आहेत. खाडीच्या तोंडाशी, बोटीत, दुपारपासून. आणि उद्या सकाळी या मोबाईलच्या भरवशावर अख्खं गाव आत असेल. तुमचा टॅग त्यांना वाचवत नाहीये, तुमचा टॅग त्यांना अडकवतोय."

खाली पाइप कापणं चालू होतं. साहेबांनी परमिटाचं तिसरं पान उलटून एका रकान्यावर बोट ठेवलं. तो मी कधी वाचलाच नव्हता. टॅग लावणारा हजर नसेल, तर आत असलेल्या माणसाशी स्वतः बोलून, तो सुरक्षित असल्याची खात्री करून, वरिष्ठाने टॅग काढावा.

"नंबर द्या," साहेब म्हणाले.

"कोणाचा?"

"आतल्या माणसाचा."

आणि साहेबांनी माझ्या बाबांना फोन लावला. स्पीकरवर. अगदी कारखान्यातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "नमस्कार. मी सुरक्षा विभागातून बोलतोय. आपण सुरक्षित आहात का?"

पलीकडून पाण्याचा आवाज, मग बाबा: "हाय की साहेब. चा पितोय."

"आपले हातपाय यंत्रापासून दूर आहेत का?"

"इंजन बंद हाय."

"आपल्यासोबत आणखी कोण?"

"दोन खलाशी. एक झोपलाय."

"झोपलेला सुरक्षित आहे का?"

"घोरतोय साहेब."

साहेबांनी रकान्यात लिहिलं, 'थ्री पर्सन्स, सेफ', आणि वेळ टाकली. माझं हसू आणि रडू एकाच वेळी वर येत होतं आणि दोन्ही कुठे ठेवू ते कळत नव्हतं. साहेब उठले, खिळ्यावरून टॅग काढला, रीतीप्रमाणे त्याचे दोन तुकडे केले, कपाट उघडलं आणि आठ बोटांनी पासवर्ड टाइप केला. हजेरीला तिची वेळ वेगळ्या नावाने दिली, भरतीला भारताची. दोन ओळी. मला त्यांनी हात लावू दिला नाही. साडेपाचला मी मोबाईलवर पान उघडलं: संध्याकाळी आठ चाळीस.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आता जुलला," आणि मागे कोणीतरी घोरत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. पण पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती, आणि मी ठरवलं होतं की खरं काय ते उभं राहून सांगायचं. बाबांना मी आधी काही बोलले नाही. साहेबही आले होते, बगलेत फाइल. पंच खुर्च्यांवर, बाकी सगळे खाली चटईवर, आणि बाबा नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. सभा सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी त्यांना विचारलं, "तांडेल, आज कंची तिथी?" आणि हशा पिकला. बाबाही हसले. आठवडाभर ते हेच ऐकत होते. जेटीवर, बर्फाच्या गाडीपाशी, आईच्या टोपलीपाशी बाजारात.

मी उभी राहिले. सांगितलं की बाबांची तिथी चुकली नव्हती. मोबाईल चुकला होता, सर्व्हरवर वेळ चुकीची होती, आणि बाबांनी मला विचारलं तेव्हा मीच त्यांना मोबाईलवर जा म्हटलं होतं. मला वाटलं, आता सोसायटी काम काढून घेणार, साहेब मला काढणार, आणि त्याची माझी तयारी होती.

मग सगळ्यात वयस्कर पंच मायेने म्हणाले, "बस, बाय, बस. लेक असावी तं अशी. बापाची चूक आपल्या डोक्यावर घेतली."

"नाही काका, खरंच..."

"अगं, आमी डोल्यांनी बगितला. आमच्या मोबाईलवर आठ चालीस हाय तं! तुजा मोबाईल बरोबर हाय. तुजा बाप म्हातारा झाला, एवडाच."

चटईवर टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले, फाइल उघडली, परमिटाची प्रत काढली, तिसऱ्या पानावरचा रकाना दाखवला, तारीख, वेळ, तीन माणसं सुरक्षित. प्रत हातोहात फिरली. सगळ्यांनी ती आदराने पाहिली आणि पुढे दिली. परमिट इंग्रजीत होतं.

शेवटी मी बाबांकडे वळले. म्हटलं, बाबा, तुम्ही तरी सांगा. बाबा खांबाला टेकून बसले होते, आणि गालातल्या गालात असे हसत होते की जणू लग्नात मुलीचं कौतुक चाललंय.

"माजी एकादस चुकली," ते म्हणाले. "पोरीचा मोबाईल बरोबर हाय."

मी खाली बसले. सभेने आणखी एक वर्षासाठी पान चालू ठेवायचं ठरवलं, आणि बोटीचा झेंडा पुन्हा फिरवायला सांगितला. माझ्या फाइलीत मी खरं तेच लिहिलं होतं, तीनदा लिहिलं असतं, पण बाबांनी बाहेरून आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि आमच्याकडे बाहेरचंच खरं धरतात. तो टॅग फक्त बाबाच काढू शकतात. त्यांच्याकडे मी नंतर दोन-तीनदा अर्ज केला. विचाराधीनसुद्धा ठेवला नाही.

आता रोज सकाळी जेटीवरून त्यांचा फोन येतो. भोवती माणसं असतात, हे मला आवाजावरून कळतं. बाबा मुद्दाम स्पीकर लावतात.

"बाय, आज कंची तिथी?"

मी मोबाईलकडे बघत नाही. बोटांवर मोजते. "त्रयोदशी, बाबा. पावणेदहाला भरती."

मागे कोणीतरी खो खो हसतं. म्हणतं, तांडेलाला आता तिथी पोरीला इचारावी लागते. आणि बाबा त्या हसणाऱ्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणतात, "मंग? तिला समदा येतं."